काळं मीठ

मी आवेइरूला कधीच गेलो नाही.
पोर्तूहून आगगाडीने तासाभराची वाट,
पण माझी सगळी उमर गेली तळघरात,
लाल दिव्याखाली, हायपोच्या वासात.
तरी तिथल्या मिठागरातली प्रत्येक बाई मी ओळखतो,
उलटी.

निगेटिव्हमध्ये मीठ काळं असतं,
कोळशाचे ढीग घालावेत तसं,
आणि विधवांची वस्त्रं पांढरीफेक.
डोक्यावर काळोखाच्या टोपल्या घेऊन
पांढऱ्या बायका फळ्यांवरून चालत येतात,
दात काळे, बुबुळं दुधाळ.
मग थाळीतल्या पाण्यात
ज्याचं त्याला परत मिळतं.

ग्रासिएत फिल्म आणायची
सार्डिनच्या रिकाम्या डब्यातून.
सुरुवातीला बाप्तिस्मे, पासपोर्ट,
आणि चोरवाटेने फ्रान्सला निघालेली पोरं.
त्यांचा फोटो मधोमध फाडायचा,
अर्धा आईकडे, अर्धा खिशात;
सुखरूप पोचलं की खिशातला अर्धा टपालाने घरी यायचा.
किती अर्धे आले,
आम्ही कुणाला विचारलं नाही.

रविवारी ती मिठागरात जायची.
नवरा म्हणाला, मिठात काय ठेवलंय?
ती म्हणाली, चव.
नवरा पुढे फार दिवस राहिला नाही.

मासिकाने चार फोटो घेतले.
तिघांवर सरकारी निळी पेन्सिल फिरली.
उरली देओलिंदा:
डोक्यावर टोपली, मिटलेले डोळे,
ओठ पुटपुटताना थबकलेले.
खाली छापलं, ‘प्रार्थना’.
ती पॅरिसला गेली, चर्चच्या कॅलेंडरवर गेली,
दंतवैद्याच्या भिंतीवरसुद्धा मी तिला पाहिलंय.

आकाश मीच गडद केलं होतं.
दिव्याखाली पंजा धरून तिचा चेहरा उजळ राखला,
आणि उजव्या कोपऱ्यात कुणी एक उभा होता,
नजरेला खुपायचा,
त्याला वीस सेकंद जादा उजेड देऊन बुजवला.
ग्रासिएत म्हणाली, छान.
वीस वर्षं आम्ही दोघं छान म्हणत राहिलो.

सरकार पडलं. निळ्या पेन्सिली बेकार झाल्या.
एका हिवाळ्यात ती मोठी प्रिंट बगलेत मारून
देओलिंदाचं घर शोधत गेली.
देओलिंदा दारात बसून ईल सोलत होती.
हात पदराला नाही, मांजराला पुसले, हसली,
फोटो लांब धरून पाहिला.
प्रार्थना?
अगं बाई, मी मोजत होते.
बासष्ट, बासष्ट, बासष्ट,
त्रेसष्टावी ओतेपर्यंत विसरू नये म्हणून.
मुकादम रोज दोन टोपल्या खायचा.
इथंच उभा असायचा, वही घेऊन.
कुठं गेला तो?
आणि तिने ओलं बोट ठेवलं
कोपऱ्यावर,
माझ्या काळ्यावर.

ग्रासिएत शेवटच्या गाडीने परतली,
छत्री तिकडेच विसरून.
निगेटिव्ह काढ, म्हणाली. एवढंच.
त्या रात्री मी हात खिशात ठेवून प्रिंट काढली.
आकाश आलं ते नुसतं दुपारचं, फिकट.
चित्र म्हणून पडलंच जरा.
आणि थाळीच्या तळातून मुकादम वर आला:
आधी टोपी, मग वही,
मग कानामागची पेन्सिल.

त्यानंतर ती आधी गप्पा मारायची,
मग कॅमेरा काढायची, कधी काढायचीच नाही.
जहाजाच्या गोदीतले लोक, डबे भरणाऱ्या मुली,
प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर नाव,
आणि त्या क्षणी ते काय म्हणत होते ते,
शिव्यांसकट.
जाणकार म्हणतात, उतारवयात तिचा हात घसरला.
कोपऱ्यांत फार गर्दी असते म्हणे.

गेल्या मार्चमध्ये ग्रासिएत गेली.
पेपरात तोच फोटो आला,
माझा जुना, काळ्या आभाळाचा.
खाली ‘प्रार्थना’.
मी संपादकांना पत्र टाकलं.
मग दुसरं.
काल सातवं टाकून आलो.
उत्तर नाही.
डोळे मिटून मी आकडा पुटपुटत असतो,
बायको विचारते,
हल्ली देवाचं करायला लागलात का?