बामणोली मुक्कामी

माझ्या कमरेला दोन यंत्रं.
उजवीकडे तिकिटाचं, महामंडळाचं.
डावीकडे, खाकीच्या आत, आईनं शिवलेल्या खिशात
इन्सुलिनचा पंप. तो माझा.

तिकिटाचं बिघडलं की डेपोच्या खिडकीतून आत सरकवायचं,
दुसरं बाहेर येतं. सही करा. निघा.
कुणी विचारत नाही, बाई, तुम्हाला कसलं हवं.

पंपाचं तसं नाही.
त्याच्या कडेला केसाएवढी चीर, तीवर चिकटपट्टी,
वॉरंटी दिवाळीतच संपली,
आणि वरचं बटण आता दोनदा दाबल्यावर एकदा ऐकतं,
आमच्या वाहतूक नियंत्रकासारखं.

पोवई नाक्यावर, डॉक्टर कुर्लेकरांच्या मागच्या खोलीत
पुण्याहून आलेला कंपनीचा मुलगा तीन डबे उघडतो.
कासारानं हात बघून माप काढावं
तसा माझ्याकडे बघतो.

पहिला काचेचा. नुसतं बोट फिरवायचं.
रात्री स्वतःच साखर बघतो, स्वतःच कमी-जास्त देतो.
"मॅडम, तुम्ही फक्त झोपायचं."
झोपायचं. किती सहज म्हणतो.
एकोणीस वर्षं मी तीनला जागी होते,
कुणी हाक मारल्यासारखी.
किंमत ऐकून आई म्हणाली, एवढ्यात गुंठा येतो.

दुसऱ्याला नळीच नाही. दंडावर चिकटवायचा.
मी दंडाकडे बघते.
कासच्या फुलांच्या गर्दीत ह्याला
पिशव्या घासतात, कोंबडीची पाटी,
कुणाचं तरी पेंगुळलेलं डोकं.

तिसरा जुन्याचाच धाकटा भाऊ. जाडा. पाच बटणं.
त्याच्याबद्दल मुलगा फार बोलत नाही.

मी म्हणते, दिवा घालवा.
तो हसतो.
घालवा हो.

मुजावरांची गाडी यवतेश्वरच्या वळणावर असते,
एका हातात दांडी, दुसऱ्यात सुट्टे पैसे,
आतला दिवा गेलेला,
आणि घाम फुटतो. गर्दीचा नव्हे, तो दुसरा.
तेव्हा पंप थांबवायचा असतो, खिशावरूनच.
बघायला डोळे नसतात. अंगठा असतो.

अंगठा मी पाण्याच्या ग्लासात बुडवला, मुद्दाम.
काचेवर घसरला.
दंडावरच्याचं सगळं फोनवर,
आणि कासच्या पुढे फोन म्हणजे आरसा.
तिसऱ्याची बटणं चाचपली: एक, दोन, मधलं जरा खोलगट.
थांब.
थांबला.

"पण मॅडम, झोप..."
तो बरोबर होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
पैसे नव्हते हे खरं कारण, की अंगठा,
ते मलाही नीट सांगता येणार नाही.

जुन्यातले आकडे नव्यात घालायचे म्हणून
वेबिलाच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतले.
बारा ते तीन, सहा दशांश.
तीन ते सात, नऊ.
दुपारी दोन ते पाच सगळ्यात कमी,
तेव्हा शाळेची पोरं चढतात आणि मी उभीच असते.
टप्प्याटप्प्याचं भाडं, एका बाईच्या दिवसाचं.
कुठला दर कधी वाढला, मलाच ठाऊक.
पहाटेचा तो नऊ
मुक्कामी गाडी मिळाली त्या महिन्यापासूनचा:
बामणोलीत रात्री साडेनऊला गार भाकरी,
पाण्याच्या कडेला गाडी, सीटवर चादर.

जुना काढला. नवा भरेपर्यंत दहा-बारा मिनिटं
कमरेला काहीच नव्हतं.
हलकं वाटेल असं वाटलं होतं.
खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघितलं.
डावा हात आपोआप तिकडे गेला,
कातडीवर चौकोनी वळ होता, अजून गरम.

आई चष्मा लावून जुना खिसा उसवत होती,
नवा दोन बोटं रुंद.
दोरा दातानं तोडत म्हणाली,
ये इकडे, माप दे,
सव्वापाचची लागली असेल.