पायाला सवय

एवाल्ड्सची निळी सुबारू
कारोस्ताच्या फिरत्या पुलाच्या रांगेत तीनदा बंद पडली.
मागचा ट्रकवाला उतरून आला,
तर यांनी काच खाली करून सांगितलं:
गाडी उत्तम आहे. गुडघा माझा खराब.

मी पेडल दाबून बघितलं.
जिन्याची पायरी दाबावी तसं.
आणि सोडताना कसली पूर्वसूचना नाही,
केसाएवढ्या अंतरात सगळं, नाहीतर काहीच नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं
म्हणतात ते हेच.

मुलानं बसवलाय, ते म्हणाले. नॉर्मुंड्सनं.
कॉर्कला जायच्या आधी, दोन रात्री जागून.
रेसचा आहे.
'रेसचा' म्हणताना त्यांनी टोपी सरळ केली.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा वारा
पत्र्यावर किनाऱ्याची वाळू फेकत होता.
आत सिरॅमिकच्या सहा वड्या, स्प्रिंग एकही नाही,
फ्लायव्हील इतकं हलकं
की इंजिनाला दम धरायला जागाच नव्हती.
पोराचं काम स्वच्छ.
प्रत्येक बोल्टवर पांढरी रेघ, वहीतल्या समासासारखी.
फक्त हे सगळं अशा माणसासाठी होतं
जो एकदाच पाय उचलतो
आणि मागे बघत नाही.

मूळचं जड फ्लायव्हील
एवाल्ड्सच्या खुराड्यात सापडलं,
दाराला टेकू म्हणून. ते लेथवर सपाट केलं.
डिस्क साधी घातली, मधे स्प्रिंगा असलेली,
पकडण्याआधी जरा घसरू देणारी.

चूक एकच निघाली, ती वर, पेडलपाशी:
मदतीची स्प्रिंग उलटी.
दोन वर्षं ती म्हाताऱ्याच्या पायाला
मागे ढकलत होती.
हे मी बिलात लिहिलं नाही.

मग नळीतली हवा.
ते सीटवर, मी गाडीखाली.
दाबा. धरा. सोडा.
दाबा. धरा. धरा म्हणते ना.
तेल आधी काळं आलं, मग कोऱ्या चहासारखं,
मग जवळजवळ काहीच रंग नसलेलं.

पहिल्यांदा चालवायला बसले
आणि पाय धाडकन तळाला आपटला.
मॅट सरकली. गाडी बंद.
पायाला कळलंच नव्हतं
की आता समोरून कुणी ढकलत नाही.
दुसऱ्यांदाही बंद.
तिसऱ्यांदा ती निघाली,
ताटातून हलकेच पाणी सांडावं तशी,
फाटकापर्यंत, आणि उलटी परत.

जुना क्लच त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मागितला.
खुराड्याच्या दाराला काहीतरी लागेलच, म्हणाले.
डिकी लावून थोडा वेळ तिथेच उभे राहिले.
झिंत्रा, रविवारी फोन येतो त्याचा.
दर वेळी विचारतो, कसा धरतोय?

मग काय सांगता?

घट्ट, म्हणतो.