रकाना क्रमांक अकरा

हुपरीत, मगदूम गल्लीत, दुपारी अडीचला
मी फॉर्म उघडला.
दारात चपलांचे सात जोड, सगळे बायकांचे.

त्रिशलाकाकू सोप्यात बसलेल्या,
मांडीवर परात, परातीत चांदीच्या कड्या.
तांदूळ निवडावेत तशा मान घालून
चिमट्यानं एकीत एक अडकवत होत्या.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

"काय काम करता?"
"काय न्हाई बाई, घरातच असतो."
आमच्याकडं बायका असंच बोलतात:
मी करतो, मी जातो, मी असतो.
क्रियापद पुरुषाचं,
मजुरी तेवढी बाईची.

"मग हे?"
"हे व्हय? हे आपलं बसल्या बसल्या."

बसल्या बसल्या किलोकिलोनं पैंजण,
बसल्या बसल्या धाकट्याचा डिप्लोमा,
न्हाणीघराची फरशी, लेकीच्या बाळंतपणाचं बिल,
आणि मानेतलं ते हाड
जे आता डावीकडं वळत नाही.

आतून अण्णा ओरडले, "गृहिणी लिहा की!"
तसे ते खोटं नव्हते बोलत.
पेढीच्या वहीत मजुरी
त्यांच्याच नावावर पडते.

कालच पेपरात आलेलं, देश किती टक्क्यांनी वाढला,
दशांश चिन्हापुढं दोन घरं अचूक.
ही परात त्यातल्या कुठल्या घरात
ठेवली असेल, असा विचार करत होते
तोवर एक कडी निसटून
फरशीच्या फटीत गेली.
सात बायकांचे हात थांबले.
मोबाईलचा उजेड, झाडूची काडी,
शेवटी ओलं बोट.
सापडली.
वजनात घट आली तर कापून घेतात.

घट बरोबर मोजतात हो.

रकाना अकरा. काम करते, करत नाही.
मी 'करते'वर खूण केली. तास, आठ.
काकूंनी वाकून बघितलं.
"आठ न्हाई, धा लिव.
आणि ह्यास्नी सांगू नगो."

मग चहाचा कप पुढं करत
त्यांनीच विचारलं, "तुला गं किती पगार?"
"पगार नाही काकू, मानधन."
"म्हंजे?"

सांगता येईना.

"म्हंजे तुझं आपलं चालल्या चालल्या,"
काकू म्हणाल्या,
आणि सातहीजणी अशा हसल्या
की परातीतली चांदी वाजली.

गल्लीत अजून तेवीस घरं राहिली होती.