तरफ

सतारमेकर गल्लीतून मी रोज ड्यूटीला जाते.
रात्री साडेआठला दुकानं मिटताना
कुणीतरी शेवटची एक तार छेडून बघतो,
आणि खालच्या अकरा-बारा बारीक तारा,
ज्यांना बोटही लागलेलं नसतं,
आपल्या आपण गुणगुणायला लागतात.
फकरूचाचा म्हणतात, ही तरफ.
तिला कुणी हात लावत नाही. तिला नुसतं कळतं.

मला वाटायचं, माझंही तसंच आहे.

लहानपणी आईचा राग
मी परसातून विझवायची, फुंकर न मारता.
पुढे रिक्षावाल्याचा कंटाळा,
पुढे सिस्टर इनामदारांचा संताप:
'शालन, परत उशीर?'
आणि वाक्य अर्ध्यातच मऊ पडायचं.
यात कुणाचं काय गेलं?
दुखणारं दुखायचं थांबलं, एवढंच.

नवऱ्यावर फक्त एकदा.
कुपवाडच्या फाउंड्रीतून आला होता,
पाठ फिरवून जेवत होता,
आणि मला ती पाठ सहन झाली नाही.
वळला. हसला. अजूनही हसतो.
एकोणीस वर्षं झाली,
त्याच्या मायेला माझ्याच हाताचा वास येतो
आणि विचारायची सोय नाही.
तो खरं तेच सांगेल,
पण ते खरं मीच तिथं ठेवलेलं असेल.

मग मिरजेच्या त्या वॉर्डातला बेड नंबर नऊ.
भूपाल उपाध्ये, नांद्रे, लिव्हर.
पहाटे चार-दहाला गेले.
बायको स्टुलावर. तिच्या छातीतून जे वर येत होतं
ते मला दारातूनच ऐकू आलं.
वॉर्डात बावीस माणसं झोपलेली,
आणि माझे पाय दुखत होते, हेही खरं.
मी ते बसवलं,
उतू जाणाऱ्या दुधावर
पाण्याचा हबका मारावा तसं.
बाईनं डोळे पुसले नाहीत, कारण ओले नव्हते.
डबा आवरला. चादरीची घडी केली.
सही कुठं करायची, विचारलं.
डॉक्टर म्हणाले, किती धीराची बाई.

मला बरं वाटलं. तेही सांगते.

सात महिन्यांनी ती आली, राजमती.
वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसली.
'त्या रात्री कोण आलतं गं माझ्या आत?
कुणाचं तरी पाऊल उमटलंया,
अजून वाळंना.
सरणापाशी मी गोवऱ्या मोजल्या.
सून म्हणती, दगड हाय सासूबाई.
आमची म्हैस चार दिस हंबरली,
मला रडूच यीना.
वाईट होतं, पर माझं होतं ते.
दे परत.'

कुठून देऊ? मी ते साठवलं नव्हतं.
फिनेलच्या बादलीत पोतेरं पिळावं तसं
पिळून ओतून दिलं होतं.

मग तिला राग आला,
सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं,
आणि तेव्हाही माझी सवय पुढं सरकली,
मांजरासारखी, पाय न वाजवता,
त्या रागाच्या अगदी जवळ जाऊन बसली.
एक क्षण पुरला असता.
बाई 'असू दे गं' म्हणून चहा पिऊन
सहाच्या एसटीनं गेली असती.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.
हातांनी होत नाही ते, तरी.
तिनं मला काय काय म्हटलं
ते इथं लिहीत नाही.
सगळं लागलं.
तिची एसटी चुकली.

परवा चाचा तरफेच्या तारांखाली
चिंधी सरकवत होते. मी विचारलं, का?
'पोरगं नवीन आहे.
आधी त्याचं त्याला ऐकू येऊ दे.'

आता नऊ नंबरवर कुणा पोरीचा बाप आहे.
रात्री ती कॉरिडॉरमध्ये रडते.
मी तांब्या घेऊन उभी राहते,
पाणी हवंय का, विचारते,
ती मान हलवेपर्यंत थांबते.
रडणं खूप वेळ चालतं.
किती वेळ चालतं
हे मला माहीतच नव्हतं.