निळी गाठ

साडेबारा टक्क्यांचा भूखंड बिल्डरकडे गेला
त्या दिवशी मी पाग सांधत होतो.
कचेरीत जाऊन अंगठा उठवला,
शाई न पुसता घरी आलो, राहिलेली भोकं सांधली.
एक गाठ निळी झाली. अजून आहे.

आता उलव्यात, चौदाव्या मजल्यावर.
बँकेतला पोरगा दिवाळीला काजूकतली आणतो
आणि मला सर म्हणतो.
पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं,
कोण आलं म्हणून.
दुसऱ्यांदा वळलो नाही.
तेवढंच खुपतं.

धाकट्याचं, पदाजीचं, वेगळं.
बोटाएवढी चेन, पांढरी गाडी,
पोरीच्या हळदीला तीन रात्री डीजे,
गावातल्या कुत्र्यांनाही दोन दिवस मटण.
लोक हसतात. मी हसत नाही.
एका चड्डीवर दोघं शाळेत जायचो आम्ही,
तो सकाळच्या पाळीला, मी दुपारच्या.
मिरवू दे त्याला.

माझंच लबाडीचं आहे.
मी साधाच राहिलो, असं चारचौघांत सांगतो
आणि सांगताना स्वतःकडे बघतो,
लिफ्टच्या आरशात बघावं तसा.

परवा गव्हाणच्या धाकलीबायने वाटा मांडला होता.
दोनशे म्हणाली, दोनशे दिले.
तिने आधी नोट उलटीसुलटी केली, मग माझं तोंड पाहिलं.
"आजारी हाईस काय रं?"
मग भडकलीच. "मना भीक घालतंस?"
बसलो मग उकिडवा, तिच्या पाटीसमोर,
शंभरापासून सुरुवात केली.
माझ्या आईचा उद्धार झाला, तिच्या सासऱ्याचा झाला,
दीडशेला तुटलं.
वर दोन मांदेली टाकली तिने
आणि पाठीत एक धपका.
किती महिन्यांनी कुणी मारलं मला.

रात्री तीनला जाग येते.
अष्टमी असली, पाण्याला भांग असला,
तर कूस बदलून पडून राहतो.
अमावास्येच्या उधाणाला मात्र उठतोच.
खाली वॉचमन विचारतो, साहेब, एवढ्या रात्री?
खांद्यावर पाग, हातात रंगाची रिकामी बादली.
भरावाच्या पलीकडे उरलीय थोडी खाडी,
विमानतळाच्या दिव्यांनी चिखल चकाकतो.
गुडघ्यापर्यंत रुततो मी.
चिखल नाव विचारत नाही,
वजन घेतो फक्त, पूर्वी घ्यायचा तेवढंच.
नाही, थोडं जास्त.
काजूकतलीचं.

परतताना लिफ्टमध्ये पायांचे ठसे पडतात.
सोसायटीची नोटीस आलीय, टाइप केलेली, शिक्क्यासकट,
वर माझं पूर्ण नाव, खाली 'कृपया'.
दोनदा वाचली.
जाडसर कागद आहे, चांगला.
घडी घालून ठेवलाय
जाळ्याची सुई खोचायला.