काचेवरचं पांढरं

पहाटे चारला जीपची काच आंधळी असते.
गरम पाणी ओतायचं नाही, तडकते;
हे मला एकदाच कळलं, साडेतीन हजारांना.
तेव्हापासून मुदत संपलेलं एटीएम कार्ड खिशात ठेवतो
आणि खरवडतो,
करर्र करर्र,
तव्याला धरलेली भाकर काढावी तसं.
एवढंच ते कार्ड कमावतं आता.

करंजपाड्यावर सतरा बाया चढतात, दहाच्या जागेत.
डोक्याला टॉवेल, टॉवेलावर लेकराचा स्वेटर,
बाह्यांची गाठ हनुवटीखाली.
घाट सरेपर्यंत कुणी बोलत नाही.
मोहाडीच्या बागांत तेव्हा ओला पाला धुमसत असतो,
धूर ओळीओळीतून फिरवलेला,
मण्यांना हुडहुडी भरू नये म्हणून.
रमती थविल एकदा म्हणाली,
"द्राक्षाला गोधडी, आन् आपल्याला टावेल!"
सगळी जीप हसली.
मग पुन्हा फक्त गिअरचा आवाज.

रविवारी जीप उलटी धावते.
कॉलेज रोडचे निमोणकर, त्यांची बायको, आणखी चौघं,
हातमोजे, कानटोप्या, थर्मासात कॉफी.
"वर सड्यावर बर्फ पडतो म्हणे?"
पडत नाही, म्हटलं. उगवतो.
गवताच्या टोकाटोकावर,
आणि ऊन आलं की न सांगता जातो.

वाट दाखवायला दिगू, रमतीचा, चौथीतला.
पायात बापाच्या चपला, हातात स्टीलचा डबा.
करवंदीच्या जाळ्यांतून तो पुढे, आम्ही मागे
धापा टाकत,
आणि मग एकदम
सडा.

नागलीचे खुंट पांढरे.
कोळ्याचं जाळं सुताएवढं जाड.
म्हशीच्या खुरात साचलेल्या पाण्यावर काच,
दिगूने अंगठ्याने दाबली, टिचकन मोडली.
पाय टाकला की पापडाचा आवाज.
निमोणकर फोटो काढत सुटले.
बाईंनी एक हातमोजा काढला, गवताला बोट लावलं,
आणि कितीतरी वेळ तो परत घातलाच नाही.

दिगू माझ्याकडे आला. "काका, तुमचं ते कार्ड द्या."
उकिडवा बसून खरवडू लागला,
काडी काडी करून डब्यात.
"आयला दाखवतो.
ती रोज यातूनच जाते ना,
पन अंधारात जाते."

उतरताना तो थांबला नाही, पाणी प्यायला नाही,
डबा सदऱ्याच्या आत, पोटाशी.
मला दिसत होतं, काय होणार ते.
पोटाची ऊब मुलाला कशी समजावायची?

रमती अंगणात चूल फुंकत होती.
महिन्यात पहिल्यांदा मी तिला उजेडात पाहिली.
दिगूने झाकण काढलं.
दोन चमचे पाणी. गवताची एक काडी. एक मुंगी.
"घट्ट लावलं व्हतं," तो म्हणाला,
माझ्याकडे बघत, जणू मीच साक्षीदार.
निमोणकर बाई काहीतरी सांगायला लागल्या,
वितळण्याबद्दल,
आणि मध्येच थांबल्या.

रमती हसली नाही.
तिने मुंगी काडीवर घेऊन जमिनीवर सोडली,
आणि ते पाणी ओतलं
उकळत्या चहात.
"गाळून देणार ना?" निमोणकरांनी विचारलं.
बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.
आठ जणांनी घोट घोट घेतला.
गवती चहाची चव होती, धुराची,
बाकी कशाची असेल तर मला सांगता येणार नाही.
दिगूला मात्र येत होती.

सोमवारी चारला खिसे चाचपले.
कार्ड दिगूकडेच राहिलेलं.
नखाने खरवडावं म्हणून हात उचलला,
तर रमती आली आणि म्हणाली, "थांबा जरा. ब्याटरी द्या."
काचेच्या अगदी जवळ गेली,
उजेड तिरका धरला.
पांढऱ्यात पिसं होती, नेचे होते,
माझ्याही कधी ध्यानात न आलेले.
मागून बाया ओरडल्या, "चल गं, मुकादम बोंबलंल!"
ती बघत राहिली.

मी हॉर्न वाजवला नाही.