उतार

पद्मजाने विषय काढला तेव्हा मी कोपरापासून हात जोडले.
ऑर्गोनाइट. म्हणजे रेझिन, धातूचा कीस, पोटात एक स्फटिक,
आणि खिडकीसमोरच्या टॉवरमधून जे काही येतं
ते म्हणे त्यात मुरतं.
टॉवर एप्रिलमध्ये उभा राहिला. तेव्हापासून
ती रात्री दोनला उठून फरशी पुसते.

कीस मीच आणला, जेवणाच्या डब्यातून:
पितळेचा कुरळा, अ‍ॅल्युमिनियमचा भुरभुरीत,
मधे कुठे भाताचं एखादं शीत.
गेटवर सालेम बलुशीने झाकण उघडून पाहिलं.
म्हणाला, रफीक, आता हे खायला लागलात?

स्फटिक विकत घेऊ देईना.
माझं माहेरच गारगोटी, म्हणाली,
आणि पर्सच्या चोरकप्प्यातून खरंच एक निघाली,
ओढ्यातली, बोराएवढी, एका अंगाने गढूळ.
ती कधीपासून आपल्याबरोबर विमानाने येते-जाते
मला माहीत नव्हतं.

उरला साचा.
इथे मला तोंड उघडता येतं. आठ वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत,
चौदा इथे सोहारला, मी पॅटर्न करतो.
म्हटलं, आकारात शक्ती किती ते नंतर बघू,
आधी तो साच्यातून निघाला पाहिजे.
तोंडाशी रुंद, बुडाशी निमुळता, दोन अंश पुरतात,
पण उतार हवा. नाहीतर माल आतच बसतो
करारावर आलेल्या माणसासारखा.

स्टीलचा पेला: भिंती सरळ. बाद.
आप्पेपात्र: उतार झकास, सात खळगे,
पण एकदा रेझिन ओतलं की त्यात पुन्हा आप्पे नाहीत.
कधीच?
कधीच. विषच ते.
हे ऐकलं आणि ती कपाटापुढे नुसती उभी राहिली.
कुल्फीचा शंकू काढला, ठेवला.
मोदकाचा साचा तर हातात घेतला आणि
पदराने पुसून आणखी आत सरकवला.
पोराचा औषधाचा टोपण-कप. त्याला आता मिशा आल्यात,
मणिपालला असतो. तोही ठेवला.
बिंदू चेचीने स्वतःहून सिलिकॉनचा पिरॅमिड आणून दिला.
मला आवडला, चारी बाजूंनी उतार, ओढला की सुटणार.
पद्मजाने तो उलटा-सुलटा केला.
थडगंच की हे कुणाचं, म्हणाली.

मग शुक्रवारी समुद्रावर गेलो.
बंदराच्या चिमण्या डाव्या हाताला ठेवून
बादलीभर वाळू चाळली, भिजवली, मुठीत दाबून पाहिली.
मूठ उघडली तरी लाडू मोडला नाही. बरी होती.
ठोकून सपाट केली. विचारलं, आता दाबू काय?
तिने बाही वर केली
आणि कोपर रोवलं.

बोथट, निमुळतं, तोंडाशी रुंद. निघालं अलगद.
इतक्या वर्षांत एवढा नेमका उतार
मी लाकडाला दिला नसेन.
आणि हेच ते कोपर, ज्याला मी चौदा वर्षं गूळ लावतोय:
पुढच्या वर्षी जाऊ. प्लॉटला कुंपण घालू.
पुढच्या वर्षी.
मी काही बोललो नाही. बादली गाडीत ठेवली,
वळणांवर हळू चालवली.

बाल्कनीत त्रेचाळीस होतं. हार्डनर जरा जास्तच पडलं,
रेझिन आपसूक तापलं, वास सुटला,
चेचीने खिडकी धाडकन लावली.
कीस, वर गारगोटी, वर पुन्हा कीस. वीस मिनिटांत घट्ट.
वाळू फोडली. अंगाला पापुद्रा राहिला, तिळाच्या वडीसारखा.
सुरकुत्या उमटल्या नाहीत, वाळू जाड होती.
ती म्हणाली, बरं झालं.

टोक टॉवरकडे करून ते खिडकीत आडवं ठेवलंय.
त्या रात्री दोनला ती उठली नाही.
मी उठलो.
टॉवरचा लाल दिवा पितळेवर लागत होता, विझत होता.
हात लावून पाहिला. कोमट.
ऊनच असणार दिवसभराचं.
मोरीत बादली पालथी होती, तळाला थोडी वाळू.
ती धुतली, पाणी भरलं,
आणि आवाज न करता
फरशी पुसायला घेतली.